सशाच्या पाठीवरचा अंगठा

त्या काळी पॅरिसमध्ये ज्याला घरचं कुत्रंही जुमानत नसे, तो शेकोटीवरच्या फळीवर ब्राँझचा सिंह ठेवी. त्यामुळे आमच्या ओतशाळेला कामाची ददात नव्हती. आन्सेल्म व्हर्दिए हा शिल्पकार मात्र ससे करी. ससे कोण घेतो? पुढे छातीच्या दुखण्याने आन्सेल्म गेला. मागे उरला मेणाचा एक ससा, कान पाडून बसलेला. त्याच्या पाठीवर आन्सेल्मच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ दिसावी असा.

उन्हाने वितळू नये म्हणून आन्सेल्मची बायको झेली ओल्या फडक्यात गुंडाळून तो घेऊन आली.

"ह्यांचा एक फोटो नाही," ती मालकांना म्हणाली. "बसा म्हटलं की म्हणायचे, ससा माझ्यासाठी बसत नाही, मी कुणासाठी बसू? एवढा अंगठा राहिलाय. तो तेवढा ब्राँझमध्ये उतरू दे."

"मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात, मादाम. चुकलं, तर दोन्ही गेलं."

"ओता."

चुकलं नाही. साच्यातून ससा निघाला तो काळाकुट्ट, अंगभर ओतवाटांत थिजलेल्या धातूच्या कांड्या, थेट साळिंदर. पण अंगठा होता. झेलीने त्यात स्वतःचा अंगठा ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"कांड्या तेवढ्या कापा," ती म्हणाली.

कांड्या कापून ब्राँझ कानशीने साफ करायचं काम बार्नाबे त्रुशोचं, आणि तो त्या दिवशी तापाने घरी होता. त्याची नि आन्सेल्मची जन्मभर जुंपलेली.

"जनावर आहे की कणीक रे? जिथेतिथे बोटं!" बार्नाबे ओरडायचा.

"तू आहेस ना पुसायला. नाहीतर तुझं पोट कसं भरायचं?"

बार्नाबे खरोखरच पुसायचा. एकाही ब्राँझवर आन्सेल्मच्या बोटाचा ठसा राहिलेला नव्हता.

बार्नाबे कामावर आला तेव्हा मालक म्हणाले, "आन्सेल्मचा शेवटचा ससा. कांड्या काप." 'शेवटचा' एवढंच त्याला ऐकू आलं असावं. कांड्या कापून झाल्यावरही तो कानस आणि छिन्नी घेऊन त्या सशापाशीच बसून राहिला. मग रंग चढवायला ससा माझ्याकडे आला. पाठीवरचा केस न् केस सुटा होता. इतकं सुंदर काम त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

झेली आली. बार्नाबे टोपी काढून उभा. तिचा अंगठा सशाच्या पाठीवर फिरला. परत फिरला.

"मादाम, आजारपणात हात थकला होता त्याचा," बार्नाबे हळूच म्हणाला. "मधोमध मोठा डाग ठेवून गेला होता. मी काढला. आता कुणाला कळायचं नाही."

झेलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"नाही," ती म्हणाली, "कुणाला नाही कळायचं. त्यांना आवडला असता, बार्नाबे."

मग तिने ससा त्याच फडक्यात गुंडाळला. फडकं या खेपेलाही ओलं करून आणलं होतं.