चिमटा खरा की टॅन्सी

माझ्या भावाला, रॉसला, मेंढरं वळणारी कुत्री हवी होती आणि त्याची टॅन्सी मेंढी दिसली की माझ्या पायांमागे लपायची. नाक मात्र सदा जमिनीला. बिनकामाचं कुत्रं शेतावर पोसायचं नाही, असा रॉसचा खाक्या. लाकडाच्या वखारीतल्या डेसला राखणीला कुत्रं हवंच होतं, आणि तिथल्या खांबाची ती आखूड साखळी मी पाहिली होती. मी रॉसशी कडाकडा भांडले. शेवटी असं ठरलं की टॅन्सी आमच्या खोऱ्याच्या शोधपथकाच्या परीक्षेत पास झाली तर माझी, नाहीतर डेसची.

"वय बघ स्वतःचं, ग्लेनिस," रॉस म्हणाला. "रानात कुत्रीमागे धावशील आणि तुलाच शोधायला पथक पाठवावं लागेल."

"पाठव की. टॅन्सीच येईल. तुला तर डोक्यावरचा चष्मा सापडत नाही."

अख्खा उन्हाळा आम्ही दोघी माग काढायला शिकत होतो. आधी आखूड गवतात, पावलापावलावर चीजचा तुकडा. मग दलदलीत, मग कमरेएवढ्या नेच्यांत, आणि सगळ्यात शेवटी खडीच्या रस्त्यावर, कारण तापलेल्या खडीवर वास टिकत नाही. मी आधी एकटी चालून यायची, वाटेत मोजा नाहीतर हातमोजा टाकायची आणि तासाभराने टॅन्सीला लांब दोर लावून त्याच वाटेवर सोडायची. कुठे वळले ते मलाच आठवावं म्हणून तिथल्या तारेला कपड्याचा चिमटा लावून ठेवायचा. आमच्याकडे कुत्री शिकवणारे सगळेच असं करतात. म्हणून तर आमचे धुतलेले कपडे वाऱ्याने शेजाऱ्यांकडे जातात.

पथकाची प्रमुख थेल्मा एकदा बघायला आली. थोडा वेळ मागून चालली आणि म्हणाली, "माग कोण काढतंय गं? ती की तू?"

"ती!"

"मग चिमटा दिसला की तिच्याआधी तू कशी वळतेस?"

मला असा राग आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चिमटे घरीच ठेवले.

परीक्षेच्या सकाळी टॅन्सीने कधी न पाहिलेला कुणीतरी माणूस माग टाकून गेला होता. कोण, ते फक्त थेल्माला ठाऊक. रॉस गाडीला टेकून उभा होता, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी दोर सोडला आणि टॅन्सी निघाली.

ओल्या गवतात तिने दौडच मारली. लोकरीची टोपी सापडली, तशी शिकवल्याप्रमाणे टोपीपाशी पोट टेकून बसली. पुढे नेच्यांत तिच्या नाकासमोरून एक वॉलबी, म्हणजे छोटं कांगारू, उडी मारून गेली. मी दोर घट्ट धरला, पण बाईसाहेबांनी वळून एकदा बघितलं आणि पुन्हा नाक खाली घातलं. खडीवर ती घुटमळली, दोन गिरक्या घेतल्या आणि पलीकडे उतरली. तिथे ओढा होता, ओढ्याकाठी कुंपण होतं, आणि उजवीकडे तारेला कपड्याचा चिमटा!

माझे पाय आपोआप उजवीकडे वळले. टॅन्सी डावीकडे, पाण्याकडे ओढू लागली. मी दोराला हिसका दिला. ती खाली बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

परीक्षेत चिमटे नसतात, हे मला कळत होतं. मागच्या आठवड्यात कुणी सराव करून चिमटा विसरला असणार, हेही कळत होतं. पण इतके दिवस चिमट्यावर विश्वास टाकलेले पाय ऐकायला तयार नव्हते. डोळ्यांपुढे साखळी आली.

"थेल्मा, काहीतरी बोल ना!"

"आज मी मुकी आहे," मागून थेल्मा म्हणाली.

मी चिमट्याकडे पाठ केली आणि दोर सैल सोडला. "जा बाई. तुझंच खरं."

टॅन्सी पाण्यात शिरली. माझ्या बुटांत गारठलेला ओढा शिरला. पलीकडे ब्लॅकबेरीच्या काटेरी झुडपाने माझी बाही फाडली, तरी ती थांबेना, आणि मग एकदम जोरात ओढत मला एका झाडाखाली घेऊन गेली. तिथे एक आडदांड माणूस बसून मटणाचं पॅटिस खात होता. वखारीतला डेस!

टॅन्सी त्याच्या बुटांवर आडवी झाली आणि शेपटी आपटू लागली.

"हीच का ती, रॉसवाली?" डेसने विचारलं.

"हीच."

"मला सकाळी थेल्मा म्हणाली, चल, कुत्र्याच्या ओळखीचा नसलेला माणूस हवाय. कुठलं कुत्रं ते नाही सांगितलं." टॅन्सीने त्याचा हात चाटला आणि चाटता चाटता त्याचं उरलेलं पॅटिस गट्ट केलं. डेस खो खो हसला. "वा! चोर आला तर ही त्याला शोधून काढणार आणि त्याचं जेवण खाणार!"

मग त्याने टॅन्सीचे कान खाजवले. "खरं सांगू, ग्लेनिस? नुसता खेळ आहे हे माहीत होतं. तरी इतका वेळ इथे एकटा बसल्यावर वाटायला लागलं, कुणी येणारच नाही. हिचं नाक झुडपातून बाहेर आलं आणि जिवात जीव आला बघ."

आम्ही परतलो तेव्हा थेल्माने फक्त "पास" म्हटलं आणि ती थर्मास उघडायला गेली. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

"पण मग तुझ्या वखारीचं काय?" रॉसने डेसला विचारलं.

डेसने माझ्याकडे दोर मागितला. माझी मूठ काही केल्या उघडेना. तेव्हा तो गुडघ्यावर बसला, टॅन्सीच्या गळ्यापाशी हात घालून त्याने दोराची कडी सोडली आणि तिला माझ्याकडे ढकललं.

"मी कुलूप घेईन," तो म्हणाला.