आईने सांगितलेलं, मी लिहिलेलं पत्र

ते पत्र आईचं असलं तरी अक्षर माझं होतं. म्हणून त्यातलं निम्मं पाप माझ्या पदरात पडतं, आणि ते मी नाकारत नाही.

आईचा पत्रांवर फार विश्वास. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीतल्या आमच्या घराच्या भिंतीला ओल आली, तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं, माणसं आली. माझ्या धाकट्या भावाला, कीरनला, शाळेत मास्तरांनी विनाकारण चोर म्हटलं, तिने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं; ते घरी येऊन माफी मागून, वर चहा पिऊन गेले. रडायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, कुणाची ओळख काढायची नाही. एका कागदावर, नम्रपणे, आहे ते लिहायचं. "खरं लिहिलं की माणसं ऐकतात," असं ती म्हणायची. आमच्याकडे तिच्या वयाची बरीच माणसं असंच मानतात.

कीरनने गुन्हा केला होता, तो मी झाकणार नाही. बाविसाव्या वर्षी दारूच्या नशेत त्याने पबबाहेर एका माणसाला ठोसा मारला आणि त्याचा फोन हिसकावला. त्या बिचाऱ्याचे दोन दात पडले. न्यायाधीश म्हणाले, किमान अठरा महिने. आम्ही हुश्श केलं. पण त्या काळी अशी एक शिक्षा होती की किमान मुदत संपली तरी माणूस सुटत नसे. याच्यापासून आता कुणाला धोका नाही, अशी सुटकेच्या मंडळाची खात्री पटेपर्यंत तो आत. पुढे सरकारला उपरती झाली, ती शिक्षाच बंद केली. पण नव्या लोकांपुरती. आधी आत गेलेले आतच राहिले. कीरनच्या अठरा महिन्यांची अठरा वर्षं झाली आणि त्याचे केस पिकले.

मंडळाची खात्री पटवायची तर राग आवरायला शिकवणारा एक वर्ग पुरा करायला हवा होता. तो वर्ग त्याच्या तुरुंगात नव्हता. जिथे होता तिथे बदली व्हायला तीन वर्षं लागली, आणि तिथे पोचल्यावर कळलं की याला दुसराच वर्ग हवा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

"आता सगळी प्रमाणपत्रं झाली माझी," मागच्या सप्टेंबरात भेटीच्या खोलीत कीरन मला म्हणाला. "स्वयंपाक, रंगकाम, विटा रचणं, राग. आपल्या घराण्यात माझ्याइतकं शिकलेलं कुणी नाही, जॅन."

"मग यंदा सोडतील?"

"सोडतीलही." तो हसला. मग टेबलाकडे बघत, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "कधी कधी वाटतं, सकाळी जाग येऊच नये."

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझं जुनं दुखणं. आईची फुप्फुसं तेव्हा पार कामातून गेली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ती दिवसभर खुर्चीत बसायची. डॉक्टरांनी फार तर उन्हाळ्यापर्यंतची आशा दिली होती. तिला एकच हवं होतं, आपण जाण्याआधी कीरन घरात वावरताना दिसावा. मंडळाची सुनावणी नोव्हेंबरात होती.

"कागद आण," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

"आधी वकीलबाईंना विचारू या ना."

"त्यांना कशाला? मी काय खोटं सांगणार आहे?"

मी लिहिलं. माझा मुलगा अठरा वर्षं आत आहे. तो आशा सोडत चालला आहे, सकाळी जाग येऊ नये असं त्याला वाटतं. तुमच्या माणसांना तो हे सांगत नाही, पण बहिणीला सांगितलं. मी फार दिवसांची सोबती नाही. मी आहे तोवर त्याला घरी पाठवा. लिहिताना माझेच डोळे भरून आले. वाटलं, हे वाचून दगडालाही पाझर फुटेल. आईने सही केली. तेवढ्यासाठी तिला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी मासळीच्या कारखान्यात पाळीवर जाताना मी ते टपालात टाकलं.

निकाल डिसेंबरात आला. वकील बॅनिस्टरबाई एरवी फोन करायच्या, त्या दिवशी स्वतः घरी आल्या. तेव्हाच मी काय ते समजले.

"नकार आहे," त्या म्हणाल्या. "पुढची सुनावणी दोन वर्षांनी."

"त्याने केलं काय?" आईने विचारलं.

"काही नाही. वागणूक उत्तम आहे म्हणतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मंडळाला पत्र पाठवलंत. मला दाखवलं असतंत तर बरं झालं असतं."

"त्यात खोटं काही नव्हतं," आई म्हणाली.

"नव्हतं ना. म्हणून तर त्यांनी ते जसंच्या तसं धरलं."

आईने निकालाचा कागद मागून घेतला आणि भिंग लावून वाचू लागली. मी मागे उभी राहून वाचलं. चौदाव्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'कुटुंबाच्या पत्रावरून दिसते की कैद्याची मनःस्थिती अस्थिर असून ती त्याने अधिकाऱ्यांपासून लपवली आहे. सुटकेनंतर त्याचा मुख्य आधार त्याची आई असेल. तिचा मृत्यू जवळ आला आहे. त्या धक्क्याने तो पुन्हा मद्य व हिंसेकडे वळण्याची शक्यता वाढते.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मरणार आहे म्हणून त्याला पाठवा म्हटलं, तर ती मरणार आहे म्हणूनच पाठवत नाहीत. असं मी बॅनिस्टरबाईंना ओरडून सांगितलं, जसं काही त्यांनीच ते लिहिलं होतं. त्या बिचाऱ्या ऐकून घेत राहिल्या.

आईने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "कागद आण. लिही, मी मरणार नाही म्हणून."

बॅनिस्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आता पत्र नको, आई," मी म्हणाले. तिने मागितलेला कागद मी आणून दिला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. तिने पुन्हा मागितलाही नाही.

जानेवारीत मी कीरनला भेटले. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला विचारायचं होतंस, जॅन. आत आम्ही असलं काही बोलत नाही. माझ्या शेजारच्या कोठडीत डेस म्हणून आहे, माझ्याच शिक्षेतला. त्याचा बाप गेला. दुसऱ्या दिवशी गडी शिट्टी वाजवत धोबीखान्यात कामाला हजर. आम्हीही सगळे त्याच्याशी फुटबॉलचंच बोललो, मुद्दाम. रडला असता तर कुणीतरी टिपून ठेवलं असतं, आणि टिपलं की गेली दोन वर्षं."

"आणि तू? तू कसा आहेस? खरं सांग."

"तुला खरं सांगितलं होतं की एकदा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यानंतर मात्र भेटीत असो, फोनवर असो, विचारलं की एकच उत्तर, मी मजेत आहे. माझा भाऊ आतून कसा आहे हे मला कळेनासं झालं, आणि त्याचा दोष मी त्याला देऊ शकत नाही.

आई मार्चमध्ये गेली, मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. खुर्चीतच गेली. मी तुरुंगात फोन केला. त्यांनी तो तिथल्या पाद्र्यांना जोडून दिला, कारण अशी बातमी कोठडीत जाऊन तेच सांगतात. म्हातारा, मऊ आवाज होता. त्यांनी आईचं नाव विचारलं, तिच्यासाठी दोन शब्द प्रार्थनेचे म्हटले.

"कसं घेईल तो हे?" मग त्यांनी विचारलं. "काही जणांवर आम्ही विशेष लक्ष ठेवतो. तासातासाला कुणीतरी डोकावतं, जवळ बसतं, बोलतं. तुम्हाला त्याची तशी काळजी वाटत असेल तर मी आत्ताच नोंद करतो. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखणार?"

माणूस चांगला होता, मनापासून विचारत होता. हो म्हटलं असतं तर त्या दिवशी माझ्या भावाजवळ कुणीतरी बसलं असतं. आणि ती नोंद पुढच्या सुनावणीला मंडळापुढे गेली असती. नाही म्हटलं तर कागद कोरा राहणार होता, आणि तो दाराआड एकटा. आई समोर होती, तिची नळी मी अजून काढली नव्हती.

"ऐकताय ना?" पाद्र्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तो खंबीर आहे. त्याला काही होणार नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "मग तसं लिहितो."