खाली पडलेला माल यार्डाचा

मी एक जुनी लोखंडी चाळण आहे. या गावाचा सारा इतिहास माझ्यातून गेला आहे. निदान त्यातला बारीक माल तरी.

मित्रांनो, त्रेपन्न वर्षांपूर्वी या गावात बटाट्याचं पीक होतं, एक लोहार होता आणि बटाट्यांच्या निवडीवरून रोज हाणामारी होती. मोठा कोणता आणि बारीक कोणता, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवी. शेवटी लोहाराने जाड पत्र्याला सहाशे भोकं पाडून मला घडवलं. मापासाठी त्याने आपल्या सात वर्षांच्या लेकीच्या हातातली तांब्याची बांगडी उतरवून घेतली. ती भोकावर ठेवली की काठावर टेकून राही, आत जात नसे. लेक आठ दिवस रडली, पण गावातली भांडणं थांबली.

मला यार्डात साखळ्यांनी टांगलं. दोन हमाल मला झुलवू लागले. माझ्या अंगावर राहील त्याचा भाव शेतकऱ्याला. खाली पडेल तो माल यार्डाचा, चाळणाऱ्यांची मेहनत म्हणून. दिवसाकाठी टोपलीभर पडे. हमाल तो घरी नेत आणि मला दुवा देत.

मग यार्डाला चेअरमन आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. हंगाम संपला की दोन माणसं कानशी घेऊन येत आणि माझा गंज काढत. गंज नेमका भोकांच्या कडांनाच कसा चढतो, हे कुणी विचारलं नाही. तीस वर्षं माझी अशी निगा राखली गेली. खाली पडणाऱ्या मालावर चेअरमनचा वेफर्सचा कारखाना उभा राहिला, त्यातून पेट्रोल पंप, त्यातून शाळा. शाळेच्या भिंतीवर ‘प्रामाणिकपणा’ असं लिहिलं आहे. अक्षरं मोठी आहेत.

गावाला मात्र एकच घोर होता, की बटाटे बारीक का होताहेत? तज्ज्ञ आले, बरणीत माती भरून घेऊन गेले आणि माती थकल्याचं कळवलं. लोकांनी खत दुप्पट टाकलं. खताचं दुकान चेअरमनच्या मेव्हण्याचं. सासरे जावयांना बोल लावत, नवरे बायकांना. माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. मला सहाशे तोंडं आहेत, मित्रांनो, आणि त्यातल्या एकातूनही शब्द फुटला नाही, याचा मला आजही संताप येतो.

लोहाराची लेक आता साठीची. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. सलग दोन वर्षं निम्म्याहून जास्त माल खाली पडला तर शेतकऱ्याचा यार्डातला परवाना रद्द, असा चेअरमनचा नियम होता. आत्याचं एक वर्ष वाया गेलं होतं. परवाना गेला तर शेत विकण्यावाचून इलाज नव्हता. गिऱ्हाईक तयारच होतं, चेअरमन.

यंदाही तिचे बटाटे धडाधड खाली गेले. चेअरमन कळवळून म्हणाले, “आत्या, तुमच्या जमिनीत आता दम नाही राहिला.”

“जमिनीचं नंतर बघू,” आत्या म्हणाली. तिने डबीतून बांगडी काढली, बापाने याच मापाने भोकं पाडली होती असं सगळ्यांना सांगितलं आणि ती माझ्यावर ठेवली.

बांगडी सरळ आरपार गेली.

आत्या ती उचलायला वाकली, तसे चेअरमन शांतपणे म्हणाले, “अं हं. खाली पडलेला माल यार्डाचा.”

दोघे-चौघे हसले, सवयीने. बाकीचे खवळले. आठ दिवस यार्ड बंद राहिलं. नवव्या दिवशी चेअरमननी हात जोडून जाहीर केलं की चाळण खोटी निघाली. दोषी मी. मला उतरवलं, विजेवर चालणारं यंत्र आलं आणि ज्यांनी यार्ड बंद पाडलं त्यांनीच चेअरमनना हार घातला. आत्याला परवाना वर्षभर वाढवून मिळाला. बांगडी मिळाली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं शेवटी सांगायची आमच्यात पद्धत आहे. मी सांगणार नाही. माझी निगा फार झाली. निगा राखणाऱ्याच्या हातात काय आहे, ते तेवढं पाहत चला.

सध्या मी शेडमागे पडून आहे. मला उतरवलं त्या दिवशी एक मिस्त्री टेप घेऊन आला होता. नव्या यंत्राच्या जाळीचं माप त्याने माझ्यावरूनच घेतलं.