तिरक्या पायऱ्यांची साक्षीदार

मित्रांनो, तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिले असेल, पण माझे नाव विचारले तर डोके खाजवाल. मी पाणसळ आहे. लांबी एक फूट, अंग सागवानी, वय तुमच्या आजोबांच्या जवळपास. माझ्या पोटात काचेची एक नळी आहे. ती सरळ दिसते, पण किंचित कमानदार आहे, नाहीतर आतला हवेचा बुडबुडा कुठे थांबलाच नसता. मला सपाट जागी ठेवले की तो दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबतो. जागा जराशी जरी कलती असली तरी तो उंच बाजूला सरकतो. मला एवढेच येते, आणि त्यात मी कधी चुकलेले नाही.

माझ्या मिस्त्रीने तीस वर्षे घरांतले जिने बांधले. काम संपले की घरमालक मला एकेका पायरीवर ठेवून पाहत आणि "वा, मिस्त्री!" म्हणत. त्यातली निम्मी शाबासकी मी माझी समजत असे. पुढे मिस्त्रीचे वय झाले, कामे आटली, आणि मी पोत्यात पडून राहिले.

मग नगरपालिकेने त्याला बोलावले. खालच्या वस्तीतून टेकडीवर जाणारी एक पायवाट होती. वर बंगले, बंगल्यांच्या पलीकडे इस्पितळ. पायऱ्या झिजलेल्या, शेवाळलेल्या. बंगलेवाल्यांनी अर्ज केला होता की ही वाट धोक्याची आहे, तिला फाटक लावून ती कायमची बंद करा. नगरपालिकेने दोन महिने दिले. वस्तीतल्याच शाळा सुटलेल्या आणि सुधारगृहातून परत आलेल्या आठ मुलामुलींनी वाट दुरुस्त करायची, मिस्त्रीने शिकवायचे. काम तपासणीत पास झाले तर वाट खुली, नाहीतर फाटक.

मला ती मुले आवडली नाहीत. हे मी लपवत नाही. पहिल्याच दिवशी भोंगा नावाच्या मुलाने माझी बॅट केली आणि माझ्याने दगड टोलवला. मिस्त्रीलाही ती आवडली नाहीत. "हात लावण्याआधी विचारायचं," तो दिवसातून दहा वेळा म्हणे. आणि कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका तर भिंतीपलीकडे खुर्ची टाकून पहाराच देत.

"ह्यांच्या हातात हातोडे कुणी दिले?" ते मिस्त्रीला विचारत.

"काका, तुमची भिंत पाडायला हातोडा कशाला लागतो? भोंग्याने एक हाक मारली तरी पुरे," आठांतली एक मुलगी म्हणाली.

तिला सगळे काडी म्हणत. अंगाने तशीच होती आणि पेटायलाही तेवढाच वेळ लागे. तिची आई इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती. गेल्या वर्षी ती याच वाटेवर पडली आणि तिचा गुडघा कायमचा अधू झाला. फाटक लागले तर तिला चार किलोमीटरचा वळसा पडणार होता, आणि त्या गुडघ्याने तो जमणार नव्हता. म्हणजे नोकरी गेली. काडी हे कोणाला सांगत नसे, पण ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसे.

जुने दगड उखडून वाट साफ करण्यातच सहा आठवडे गेले. मग मिस्त्रीने वरच्या बारा पायऱ्या स्वतः घालून दाखवल्या. बुडबुडा प्रत्येक पायरीवर मधोमध. माझा ऊर भरून आला.

काडी म्हणाली, "मिस्त्री, पायरी पुढे जराशी उतरती पाहिजे."

"का? घसरगुंडी करायचीय?"

"पाणी साचतं. शेवाळ धरतं. माझी आई त्याच्यावरनंच पडली."

"तीस वर्षं पायऱ्या घालतोय मी."

"छपराखाली घालताय."

बाकीची मुले हसली. मिस्त्रीचे कान लाल झाले. "बुडबुडा मधोमध पाहिजे. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीची कंबर धरली आणि तो आठवडाभर घरी पडून राहिला. काडीने तेवढ्यात आपले काम साधले. तिने लाकडी फूटपट्टीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून माझ्या पुढच्या टोकाखाली सुतळीने करकचून बांधले. दोन्ही मिळून जाडी सहा मिलिमीटर. आता बुडबुडा मधोमध आला की पायरी एका फुटामागे सहा मिलिमीटर पुढे उतरत असे. डोळ्याला दिसणार नाही, पायाला जाणवणार नाही, पण पाण्याला नक्की कळेल एवढा उतार.

मला केवढा अपमान वाटला म्हणून सांगू! माझ्याकडून कोणी खोटे वदवून घेत आहे असे वाटले. आठवडाभर मी त्या मुलीला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि आठवडाभरात खालच्या एकतीस पायऱ्या झाल्या.

मिस्त्री परत आला, त्याने सुतळी पाहिली आणि तो जे ओरडला ते बंगल्यापर्यंत गेले. "सगळ्या तिरक्या घातल्यास? सगळ्या?"

उखडायला वेळ नव्हता. परवा तपासणी होती.

तपासणीला नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब आले. काका आज खुर्ची सोडून थेट वाटेवर उभे होते. "साहेब, नुसतं बघू नका. पाणसळ ठेवून बघा."

साहेबांनी मला उचलले, सुतळी सोडली, पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि मला खालच्या पायरीवर ठेवले. बुडबुडा सरकला आणि मागच्या रेघेला जाऊन टेकला. मित्रांनो, मला दुसरे काही येतच नाही.

"तिरकी आहे," साहेब म्हणाले.

"मग! उद्या कोणी पडलं तर जबाबदार कोण?" काका म्हणाले. "ह्यांना काम शिकवायला निघाले. फाटक लावा आणि विषय संपवा."

काडीची आई हातात डब्याची पिशवी घेऊन खाली उभी होती. कामाला निघाली होती, गर्दी पाहून थांबली.

काडी म्हणाली, "पुढच्या पायरीवर ठेवा."

साहेबांनी ठेवले. बुडबुडा मागच्या रेघेला.

"अजून ठेवा. सगळ्यांवर ठेवा."

साहेब चिडले होते, पण ठेवत गेले. एकतीस पायऱ्या, एकतीस वेळा तीच रेघ.

"साहेब, चूक असती तर बुडबुडा कधी इकडे गेला असता, कधी तिकडे," काडी म्हणाली. "एकतीस वेळा एकसारखी चूक कोणाला जमते?"

साहेब मिस्त्रीकडे वळले. "हा ढाळ तुम्ही सांगितलात?"

हो म्हटले असते तर श्रेय त्याचेच होते. मिस्त्रीने खाली पाहिले. "नाही. मी नको म्हणालो होतो. तिने ऐकलं नाही."

साहेब वरच्या बारा पायऱ्यांकडे गेले, काकाही मागोमाग गेले. काकांनी सकाळी गाडी धुतली होती. ते पाणी भिंतीखालून येऊन तिथल्या प्रत्येक पायरीवर थबकले होते. तिथेच साहेबांचा बूट सरकला आणि त्यांनी काकांचा खांदा धरला. खालच्या एकतीस पायऱ्यांवरूनही तेच पाणी ओघळले होते, पण त्या जवळजवळ कोरड्या झाल्या होत्या.

साहेबांनी कागदावर लिहिले आणि मोठ्याने वाचले: वाट खुली राहील. वरच्या बारा पायऱ्या खालच्यांप्रमाणे पुन्हा घालाव्यात.

"बघा मग, भोगाल," म्हणत काका आत गेले आणि दार लावून घेतले. ते अजूनही खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चोर असल्यासारखे पाहतात. सगळे काही गोड झाले असे मी सांगणार नाही.

मिस्त्रीने आपल्या बारा पायऱ्या स्वतः उखडल्या. घाम पुसत तो काडीला म्हणाला, "त्या पट्ट्या किती जाड होत्या गं?"

"तीस वर्षं मोजताय ना? मोजा."

त्याने मोजल्या.

आता माझ्या काचेला बारीक तडा गेला आहे. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी अवजारे उन्हात टाकू नका, काम झाले की पुसून कोरड्या जागी ठेवा. आणखी एक मागते. मी कललेले तेवढे दाखवते, ते का कलले हे मला कळत नाही. माझ्या बुडबुड्याकडे बोट दाखवून कोणी एखाद्याला नालायक ठरवू लागले, तर मला खाली ठेवा आणि ज्याने ते काम केले त्याला आधी विचारा.