बुजवलेलं भोक

सगळा दोष थोरल्याचा. वडिलांचाही आहे, पण ते आता भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलेत. त्यांना कोण जाब विचारणार?

मी अकॉर्डियन बोलतोय. मोडलेल्या एका बँडमधून वडिलांनी मला थोरल्यासाठी घरी आणलं. थोरल्याने चोरून सिगारेट ओढताना माझा भाता जाळला आणि "उंदराने कुरतडलं" म्हणून मोकळा झाला. त्या घरात उंदीर नव्हताच. वडिलांनाही ते ठाऊक होतं. पण थोरल्याला खोटं पाडायचं तर उठून काहीतरी करावं लागलं असतं.

भोक भात्याच्या खालच्या घडीला पडलं. थोरला उभा राहून वाजवायचा, तेव्हा प्रत्येक सुरामागे मी फुसफुसायचो. कंटाळून त्याने मला पलंगाखाली ढकललं. तिथून मला त्याच्या बहिणीने, धाकटीने, ओढून काढलं. ती ठेंगण्या स्टुलावर बसायची, डावा गुडघा वर घ्यायची आणि भोक मांडीने दाबून धरायची. ओळ संपली की पाय सैल सोडायची. भोकातून हवा सुटायची, कुणी निःश्वास टाकावा तशी. तिला तो आवाज आवडायचा. मलाही.

तिने एक छोटी धून बसवली, घरीच टेप केली. रेडिओने ती सकाळच्या कार्यक्रमासाठी घेतली. नाव कळवायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "थोरल्याचं देऊ. त्याच्या कामाला येईल. तुला काय करायचंय?"

आलंच कामाला. त्या धुनेच्या जोरावर थोरल्याने जन्मभर संगीताचा क्लास चालवला. मी कपाटावर. धाकटी अधूनमधून मला खाली काढायची, दार लावून घेऊन.

एके दिवशी थोरल्याने मला स्वतःच्या हाताने पुसलं. मला तेव्हाच शंका आली. या माणसाने कधी स्वतःचा चष्मा पुसलेला नाही.

रेडिओवाली येणार होती. माझ्यावर कार्यक्रम करायचा होता तिला. आल्या आल्या म्हणाली, "मला भाषण नको सर, आवाज हवेत. वाद्यावर काय काय गुजरलं ते आवाजात ऐकू येतं." तिने माझ्या खांद्यावर अडकवायच्या पट्ट्यांची करकर घेतली, भाता न ओढता नुसत्या दाबलेल्या सुरांची टकटक घेतली. मग रेडिओच्या संग्रहातली ती जुनी टेप लावली.

"प्रत्येक ओळीनंतर हा श्वास कुणाचा?"

"माझाच," थोरला म्हणाला. "जीव ओतायचो हो तेव्हा."

"मग परवा हीच धून याच वाद्यावर वाजवा. जुनं आणि नवं पाठोपाठ लावते. मधली सगळी वर्षं ऐकू येतील."

ती गेल्यावर थोरल्याने मला गळ्यात अडकवलं. मी पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत फुसफुसलो. टेपवर ही फुसफुस नव्हती. कुणीही दोन्ही ऐकलं असतं तर विचारलंच असतं. थोरल्याच्याही ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर होतो. भोकावर चामड्याचा तुकडा चिकटला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी थोरला झकास वाजवत होता आणि ओळ संपली की तोंडाने "हाऽ" करत होता. माईकच्या अगदी जवळ जाऊन. धाकटी चहा घेऊन दारात उभी होती. प्रत्येक ओळीला तिची डावी टाच उचलली जायची, ओळ संपली की खाली यायची. ते रेडिओवालीच्या नजरेत आलं.

"ताई, तुम्हीही वाजवता?"

"ही?" थोरला हसला. "हिचं आपलं घरातल्या घरात."

"एकदा घ्या ना हातात."

थोरला खुशाल बाजूला झाला. का, ते मला माहीत होतं. धाकटी बसली. गुडघा वर आला, मांडी नेहमीच्या जागी टेकली आणि थबकली. तिने बोटाने चाचपलं.

"दादा, बुजवलंस?"

"दुरुस्त केलं. लोक येणार म्हणून."

"विचारायचंस तरी."

"तुझं आहे का ते?"

धाकटीने बोट मागे घेतलं. तिच्याकडे पुरावा एकच होता, आणि तो चामड्याखाली गेला होता. तिने मला जमिनीवर ठेवलं आणि कप गोळा केले.

"कपांचा आवाज आलाय," रेडिओवाली म्हणाली, "काढून टाकीन." कपांबरोबर ते बोलणंही गेलं. तिला खरंच कळलं नाही, की जमलेला कार्यक्रम मोडायचा नव्हता? माझा संशय अजून गेलेला नाही.

कार्यक्रम कधी पुन्हा लागला तर जरूर ऐका, पण सरांवर विश्वास ठेवू नका, आणि नव्या रेकॉर्डिंगमधल्या माझ्यावरही नको. जुन्या टेपवरचा निःश्वास तेवढा खरा आहे.

आता माझ्यातून हवा कुठूनही सुटत नाही. धाकटीने मला परत हात लावलेला नाही.