शेजारच्या बाईला समज द्यावी का?

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये एनिड थ्वेटची दोन घरं होती, सोळा नंबर आणि अठरा नंबर, मध्ये एक भिंत. सोळात ती स्वतः राहायची. अठरा तिच्या बहिणीचं; बहीण गेली आणि ते हिच्याकडे आलं. भाड्यानं द्यायचं तर भाडेकरूशी बोलणं आलं, काय गळतंय विचारणं आलं, तोंड वर करून भाडं मागणं आलं! शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांवर डाव उगारून त्यांना गाजरं खायला लावणारी ही बाई. पण शेजाऱ्याकडे काही मागायचं म्हटलं की आल्या पावली परत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? तिनं एजंट नेमला.

एजंटचं नाव डॅरेल. टोकदार बूट, आणि जिभेवर लोण्याचा गोळा. "तुम्ही काऽही काळजी करू नका, एनिड," तो म्हणाला. आजीच्या वयाची बाई, आणि हा पहिल्या भेटीत नावानं हाक मारतोय! "घराबद्दल भाडेकरूनं तुमच्याशी बोलायचं नाही, तुम्ही त्याच्याशी बोलायचं नाही. सगळं आमच्या ऑफिसातून." एनिडला वाटलं, देवच पावला. डॅरेल त्या दिवशी गेला तो पुन्हा गल्लीत फिरकला नाही. घराची तपासणीसुद्धा तो भाडेकरूनं फोनवर पाठवलेल्या फोटोंवरून उरकायचा.

भाडेकरू होता इड्रिस प्यू, बस डेपोतून निवृत्त झालेला वेल्श विधुर. मागच्या अंगणात घेवडा लावायचा. कुंपणावरून दोघांच्या रोज गप्पा व्हायच्या, पण फक्त हवामानावर.

एका जानेवारीत एनिड न्हाणीघरात घसरून पडली. उठता येईना, तेव्हा हाताला लागलेल्या ब्रशनं तिनं भिंत बडवली. प्यूनं खांदा घालून मागचं दार तोडलं, अँब्युलन्स बोलावली, आणि ती येईपर्यंत दाराआड पाठमोरा बसून थंडीविषयी बोलत राहिला. तेव्हापासून रोज सकाळी सातला ती भिंतीवर तीनदा टकटक करायची: आहे हो अजून. पलीकडून तीन टकटका यायच्या: मीपण. ह्याविषयी दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण मूल ना बाळ, अशा त्या बाईचा सगळा जीव त्या तीन टकटकांत होता.

मग अठरा नंबरच्या छताला ओल आली. प्यूनं नियमानं ऑफिसला कळवलं. ऑफिसनं छपरावर माणूस चढवला का? छे! एनिडला ईमेल पाठवला: भाडेकरू घरात कपडे वाळवतो, म्हणून ओल येते.

दुसऱ्या दिवशी एनिड कुंपणाशी आली. "आज कपडे बाहेर वाळत घालायला छान हवा आहे, नाही?"

"हो ना," प्यू छपराकडे बघत म्हणाला. "पण वरून कधी टपकेल, सांगता येत नाही."

झालं! ह्याचा टोमणा तिला कळला नाही, तिचा ह्याला कळला नाही. अहो, एका वाक्याचं काम. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण ह्या गल्लीत शेजाऱ्याला छत गळतंय का विचारणं म्हणजे त्याच्या पातेल्यात डोकावणं.

ऑगस्टात डॅरेलचा ईमेल आला. मिस्टर प्यू कंटाळलेत, घर सोडताहेत. थांबायचा आग्रह करू नये, त्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांनी जाऊ नये असं एनिडला फार वाटलं. तरी आग्रह केला नाही. तिला सांगितलं होतं ना!

सामानाची गाडी आली त्या दिवशी ती आल्याच्या केकचा डबा घेऊन फुटपाथवर गेली.

"कशाला त्रास घेतलात, मिसेस थ्वेट?"

"त्रास कसला!"

"तुमच्या भाचीला आवडेल घर. घेवडा तेवढा वेळेवर तोडायला सांगा."

"भाची? मला कुठली आलीय भाची?"

प्यूनं टोपी काढली. "ऑफिसनं कळवलं. तुम्हाला भाचीसाठी घर हवंय, पण बोलायला संकोच वाटतोय."

"आणि मला कळवलं, तुम्हीच कंटाळलात!"

नवा भाडेकरू आला की डॅरेलला नवी दलाली, हे कळायला दोघांनाही उशीर लागला नाही. एनिडच्या जिभेवर शब्द आला, 'थांबा'. एक शब्द, मेला एकच!

"आता तुम्ही सामानही भरलंत," ती म्हणाली.

"हो. मुलीनं तिच्याकडे माझ्यासाठी खोलीही रंगवलीय." आणि ती काहीतरी बोलेल म्हणून प्यू टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"पाऊस थांबलाय तोवर निघालेलं बरं," एनिड म्हणाली.

"हो, बरं," तो म्हणाला आणि गेला.

घरात येऊन ती ढसाढसा रडली. मग डॅरेलला लिहायला बसली. 'तुम्ही खोटारडे आहात' लिहिलं, खोडलं. 'हे बरं नव्हे' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी 'कळवल्याबद्दल आभारी आहे' एवढंच गेलं.

अठरात एक तरुण जोडपं आलं. मालकीण कोण, हे ऑफिसनं त्यांना सांगितलं नाही. एनिड सकाळी सातला भिंतीवर टकटक करायची. सवय, दुसरं काय? पलीकडून काही येत नसे.

दहाव्या दिवशी ईमेल आला. "हाय एनिड! अठरा नंबरची तक्रार आहे. सोळातली म्हातारी रोज सकाळी भिंत बडवते. डोक्यानं जरा अधू असावी. मालकीण म्हणून तुमची परवानगी असेल, तर शेजारच्या बाईला कडक समज देऊ का?"

सोळा नंबर! पाच वर्षं तिची सगळी कागदपत्रं त्याच पत्त्यावर येत होती. एनिडनं ईमेल तीनदा वाचला. हसावं की लाटणं घेऊन त्या ऑफिसात जावं, कळेना. 'अरे गाढवा, ती मीच' असं लिहायला बोटं टेकवली. पण मग तो बिचारा केवढा ओशाळेल!

तिनं लिहिलं: "हो, द्या. पण जरा सौम्य शब्दांत. एकटी असते ती."

पत्र गुरुवारी तिच्या दारात पडलं. सौम्य नव्हतं. यापुढे काही अडचण असल्यास भाडेकरूंशी परस्पर न बोलता ऑफिसशी संपर्क साधावा, असंही शेवटी होतं. शुक्रवारी सकाळी सातला एनिडनं भिंतीकडे पाठ करून चहा केला.