झिजलेला खुबा

शंभूराज जुन्या हाडांचा अभ्यास करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे पलूसमध्ये कुणालाच धड सांगता येत नसे. त्याचे वडील मानसिंग, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, विचारणाऱ्याला सांगत, "डाक्टरच हाय त्यो. फकस्त पेशंट लय उशिरा येत्यात."

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्याच ओढ्याकडेच्या रानात पाइपलाइनची चर खणताना मांडीचं एक काळंभोर, जडशीळ हाड निघालं. शंभूराजनं ते सगळ्यांदेखत चाटलं. जीभ चिकटली. दगड झालेल्या हाडाला जीभ चिकटते, असं पुस्तकात होतं. हाड जाळून बघावं, केस जळल्यासारखा वास आला तर ते ताजं, हेही त्याच पानावर खाली होतं. पण तोवर आबांनी, म्हणजे मानसिंगांनी, नारळ फोडला होता, आणि नारळ फुटल्यावर शंका काढायची त्या घरात पद्धत नव्हती.

"हजारो वर्सांमागचा रानबैल," शंभूराजनं जाहीर केलं.

"म्हंजी आमच्या आदी हितं त्योच ऱ्हात हुता!" मानसिंग म्हणाले.

"मंग सातबाऱ्यावर त्याचंबी नाव लावा की, आबा," शंभूराजचा बालमित्र सिद्धू म्हणाला.

रविवारी शाळेत समारंभ ठेवला. साताऱ्याहून शंभूराजचे सर हाड बघायला जीपनं निघाले होते. बाकावर पांढरी चादर, तिच्यावर गुलाल लावलेलं, हार घातलेलं हाड. उदबत्तीचं घर कुणी आणलंच नव्हतं. म्हणून आईनं, शालूबाईनं, उदबत्ती हाडाच्याच एका भोकात खोचली. ती जळत जळत खाली गेली आणि वर्गभर केस जळल्याचा वास सुटला.

सिद्धूनं स्वतःचं डोकं चाचपलं. मग सगळ्यांनीच आपापली डोकी चाचपली. शंभूराजनं तेवढं चाचपलं नाही.

त्यानं गुलाल पुसला. खुब्याचा गोळा एका अंगाला आरशासारखा चकाकत होता. सांध्यातली गादी संपली आणि तरी जनावर ओढतच राहिलं, की हाडावर हाड घासून अशी चकाकी येते. रानातल्या बैलाला कोण जुंपणार? आणि ओढ्याकडेला पुरलेला बैल एकच, त्यांचा सोन्या. साखर कारखान्याला ऊस ओढणारा, मागल्या उजव्या पायानं लंगडणारा. त्याला पुरताना आबा ढसाढसा रडले होते.

बाहेर जीप थांबली.

"आबा, ह्यो रानबैल न्हाई. आपला सोन्या हाय."

मानसिंगांनी त्या चकाकीवरून बोट फिरवलं. "आन् ह्ये?"

पाण्यानं झिजलं, एवढं म्हणून भागलं असतं.

"लंगडत्याला जुंपलं की हुतंय, आबा."

मानसिंगांचं बोट तिथंच राहिलं. तेवढ्यात सर आत आले. "कुठाय रे तुझा रानबैल?"

मानसिंग सावधानमध्ये उभे राहिले. "न्हाई, सर. आमचा बैल हाय. आमीच झिजवला."

सर हाडावर वाकले आणि एकदम खुलले. "अरे, हे तर फार कामाचं! जनावर कसं चालत होतं ते माहीत असलेलं हाड मिळतं कुठं? पाय कसा टाकायचा हा?"

"शंभूला ईचारा की," सिद्धू म्हणाला. "ल्हानपणी पावणं आलं की झ्याक नक्कल करून दावायचा. लय हसायची माणसं."

सरांनी वही उघडली. "चला, शंभूराज. सावकाश."

शंभूराज फळ्यापासून दारापर्यंत लंगडत गेला. आबा चादरीकडं बघत होते. कुणीच हसलं नाही.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले.